वादळाआधीचा पैसा

३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा टाळेबंदीचा तिसरा महिना चालू होता. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकलं. त्याच वर्षी २२ जुलैला महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी डोंगराखाली गेली. चार पावसाळ्यांत रायगड या एका जिल्ह्याने इतकं सोसलं. त्यामुळे ‘अनिश्चित काळ’ म्हटलं की आम्हा रायगडकरांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

दक्षिण रायगडात एका छोट्या संस्थेत मी बरीच वर्षं काम केलं. बचत गट, कातकरी वाड्यांवरच्या मुलांचं शिक्षण, वाडीत राबणाऱ्या बायकांचे छोटे उद्योग, असं ते काम. नंतर काही वर्षं मुंबईत एका ट्रस्टच्या कार्यालयात बसून संस्थांचे अर्ज वाचले. मागणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून झालं आणि देणाऱ्यांच्या खोलीतही बसून झालं. हे बोल देणाऱ्यांसाठी आहेत. मोठे ट्रस्ट आणि फाउंडेशन, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभाग, आणि गणपतीला गावी आल्यावर एखाद्या संस्थेच्या हातावर पाच हजार ठेवणारा बोरिवलीचा चाकरमानी, या सगळ्यांसाठी.

१. संकटात कामाला येतं ते आधीपासून उभं असलेलं

वादळानंतर रस्त्यांवर आडवी झाडं होती, विजेचे खांब झोपले होते, मोबाइलचे टॉवर बंद होते. तालुक्याच्या गावाहून शेजारच्या वाडीत काय झालंय हे कळायला माणसालाच चालत जावं लागत होतं. त्या दिवसांत सगळ्यांत मोलाची गोष्ट होती माहिती. कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कुणाला आठवा महिना लागलाय, कुणाची क्षयाची गोळी चुकता कामा नये, कुणाचा मुलगा आखातात अडकलाय आणि घरी फक्त सून आणि दोन लहान मुलं आहेत. ही माहिती आशाताईंकडे होती, अंगणवाडीच्या बाईंकडे होती, आणि आमच्या बचत गटांच्या अध्यक्षांकडे होती. बाहेरून ट्रक आला तर त्यातलं सामान कुठे आधी उतरवायचं, हे त्या बायका न अडखळता सांगायच्या.

आता हिशेबाच्या वहीत बघा. या माहितीवर कोणत्या देणगीदाराने पैसे खर्च केले होते? कुणीच नाही. गटांच्या मासिक बैठकांना जाण्यायेण्याचा खर्च, वर्षानुवर्षं त्याच वाडीवर जाणाऱ्या कार्यकर्तीचं मानधन, गप्पा मारत घालवलेल्या दुपारी, यांना कोणत्याच प्रकल्पात रकाना नसतो. अर्जात विचारलं जातं, किती प्रशिक्षणं घेणार, किती लाभार्थी, किती यंत्रं वाटणार. ओळखीचं मोल तिथे मागितलंच जात नाही.

आमच्या खारेपाटातला शेतकरी हे चटकन समजतो. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेला बांध दरवर्षी डागडुजी करून राखावा लागतो. पूर्वी गावकरी मिळून ते काम करायचे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खारं पाणी आत येतं, आणि ती जमीन पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात. बांध राखायला लागतात त्याच्या अनेक पटींनी पैसे खांड बुजवायला लागतात, आणि मधली वर्षं परत मिळत नाहीत ती नाहीतच. संस्थेचं तसंच आहे. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की आपत्तीनंतरच्या आवाहनासाठी जी रक्कम तुम्ही राखून ठेवता, तिच्यातला मोठा हिस्सा आपत्तीच्या आधी, साध्यासुध्या वर्षांत, त्या भागात टिकून असलेल्या संस्थेला द्या. कामाच्या यादीशी न बांधता द्या.

२. पगाराला ‘ओव्हरहेड’ म्हणून हिणवू नका

मुंबईच्या कार्यालयात बसत होते तेव्हा अर्ज उघडल्यावर बहुतेकांची नजर आधी शेवटच्या पानावर जायची, व्यवस्थापन खर्चाच्या ओळीवर. तो आकडा जितका लहान, तितकी संस्था प्रामाणिक, असा एक समज तिथे घट्ट बसलेला होता. तो चुकीचा आहे आणि त्याने संस्थांचं फार नुकसान केलं आहे.

किनाऱ्यावरच्या एखाद्या संस्थेचा हा खर्च म्हणजे नेमकं काय? हिशेब लिहिणारी एक मुलगी. सनदी लेखापालाची फी. दोन दुचाकींचं पेट्रोल, कारण म्हसळ्याहून वाडीवर जाणारी एसटी दिवसातून फार तर दोनदा. भविष्य निर्वाह निधीचा भरणा. भाड्याच्या दोन खोल्या आणि एक संगणक. यातलं काय काढून टाकावं म्हणजे काम सुधारेल? ब्रिजस्पॅन या संस्थेने काही वर्षांपूर्वी भारतातल्या स्वयंसेवी संस्थांच्या हिशेबांचा अभ्यास केला होता. त्यात अप्रत्यक्ष खर्चाचं प्रमाण संस्थेसंस्थेनुसार ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत बदलताना दिसलं. कामाचा प्रकार, भूगोल आणि आकार वेगळे असतील तर असंच होणार. सगळ्यांना एकच टक्का लावायचा, तर दुर्गम भागात काम करणाऱ्याला शिक्षा होते.

सीएसआरच्या बाबतीत एक गैरसमज इतका पसरलाय की तो इथे नीट सांगते. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि त्यात प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू नाही. तरीही “नियमच आहे, पाचच टक्के देता येतात” हे वाक्य गावोगावच्या संस्थांनी ऐकलेलं आहे आणि मान खाली घालून मान्यही केलं आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात मात्र सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा खरोखरच ५० वरून २० टक्क्यांवर आणली. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. देणाऱ्यांनी आपल्या वकिलाला विचारून घ्यावं, संस्थेवर ढकलू नये.

आणखी एक. निसर्गनंतर जे कार्यकर्ते लोकांच्या घरांवर ताडपत्री बांधत फिरत होते, त्यांच्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या घराची कौलं उडाली होती. ते लाभार्थ्यांच्या यादीत नव्हते, कारण ते ‘कर्मचारी’ होते. आणि पुरेसा पगारही नव्हता, कारण ते ‘सेवाभावी’ होते. या दोन शब्दांच्या मध्ये माणूस कसा चिरडतो ते मी पाहिलंय. कार्यकर्त्यांसाठी आपत्ती निधी, आरोग्य विमा आणि दमल्यावर घ्यायची भरपगारी रजा, हे तीन रकाने प्रत्येक देणगीत असावेत, असं माझं ठाम मत आहे.

३. संकट आलं की खर्चाच्या हेडचं कुलूप उघडा

२०२० च्या जूनमध्ये आमच्याकडे दोन देणगीदारांचे पैसे शिल्लक होते. एकाचा निधी शिवणकाम प्रशिक्षणाचा होता. टाळेबंदीमुळे वर्ग भरवणं शक्य नव्हतं आणि वादळाने वर्गाच्या खोलीचं छप्पर नेलं होतं. त्यातून सौरदिवे आणि ताडपत्र्या घ्यायची परवानगी मागितली. उत्तर यायला पाऊस निम्मा सरला, आणि उत्तर आलं तेही सुधारित अंदाजपत्रक पाठवा, समितीपुढे ठेवू, असं. दुसऱ्या देणगीदाराचं दोन ओळींचं पत्र आपणहून आलं होतं. हातातला निधी गरज दिसेल तिथे वापरा, हिशेब सवडीने द्या. त्या पैशांनी पहिल्या आठवड्यात मेणबत्त्या, काड्यापेट्या, प्यायचं पाणी आणि जनित्राचं डिझेल आलं. पंपांना वीज नव्हती. जनित्र गावागावांतून फिरवून टाक्या भरल्या गेल्या. कोणत्याही प्रकल्प आराखड्यात ‘फिरतं जनित्र’ अशी ओळ आधी कुणाला सुचली नसती.

दोघांच्या हेतूत फरक नव्हता. फरक होता तो कराराच्या कागदात. म्हणून करार करतानाच एक कलम घाला: जिल्हा प्रशासनाने आपत्ती जाहीर केली, किंवा टाळेबंदीसारखी परिस्थिती आली, की उरलेला निधी संस्था आपल्या विचाराने वळवू शकेल, फक्त आठवड्याभरात कळवेल. कंपन्यांना सीएसआरच्या नियमांत राहावं लागतं हे खरं, पण आपत्ती निवारण त्या नियमांच्या यादीत आहेच, तेव्हा वाट शोधली तर सापडते.

योगायोग असा की त्याच जून २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या फोर्ड फाउंडेशनने १०० कोटी डॉलरचे रोखे काढून संस्थांना जास्तीचे पैसे द्यायचं ठरवलं. त्यांच्यासोबत मॅकआर्थर, केलॉग, मेलन, डोरिस ड्यूक या फाउंडेशनांनीही तशी पावलं टाकली. वाईट काळात हात आखडता घ्यायचा, ही आपल्याकडची सवय. त्यांनी कर्ज काढून हात मोकळा केला. आपल्याकडच्या ट्रस्टांना तसे रोखे काढणं जमणार नाही, पण ‘या वर्षी गुंतवणुकीवर परतावा कमी आला म्हणून देणग्या कमी’ हे गणित तरी उलटं करता येईल.

आपल्या जवळचं उदाहरणही आहे. २०२१ मध्ये एडेलगिव्ह फाउंडेशनने काही देणगीदारांना एकत्र आणून १०० कोटी रुपयांचा ‘ग्रो’ निधी उभा केला. देशभरातल्या १०० छोट्या-मध्यम संस्थांना दोन वर्षं आधार, आणि तोही मुख्यतः पगार, व्यवस्था, क्षमता यांसाठी, म्हणजे ज्याला एरवी कुणी पैसे देत नाही त्यासाठी. असे निधी जिल्हा पातळीवर का होऊ नयेत?

४. सरकारी मदत जिथे संपते तिथून सुरुवात करा

निसर्गनंतर राज्य सरकारने रायगडला तातडीचे १०० कोटी जाहीर केले. बागांच्या नुकसानीची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली. ऐकायला चांगलं वाटतं. पण आमच्याकडे हेक्टरवर कुणाच्या वाड्या आहेत? दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा, सगळीकडे वाडी मोजतात गुंठ्यांत. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीत वर्षाचा घरखर्च चालवणाऱ्या पोफळी आडव्या झाल्या, त्यांच्यावर चढवलेले मिरीचे वेल त्यांच्यासोबत गेले, सावली गेली म्हणून वाचलेलं जायफळ उन्हाने करपलं, आणि हातात पाच हजार. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायलाही ते पुरत नव्हते. झाडामागे मदत द्या, ही मागणी त्यातूनच पुढे आली.

वाडीमालकाची ही गत. ज्यांच्या नावावर वाडीच नाही त्यांचं काय? पोफळीवर चढून सुपारी उतरवणारा, सोलायला बसणाऱ्या बायका, बोंबील-जवळा सुकवून बाजारात विकणाऱ्या कोळणी, यांचा पंचनामा कोणत्या कागदावर होणार? सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. अशा घरांत मदतीचा धनादेश कुणाच्या खात्यावर जावा यावरून महिने गेले.

सगळ्यांत खाली कातकरी. त्यांची कितीतरी घरं दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत किंवा वनखात्याच्या जमिनीत. घराखालची जागा नावावर नाही म्हणून घरपट्टी नाही, घरपट्टी नाही म्हणून पंचनाम्यात घर नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला गेलेलं कुटुंब पावसाच्या तोंडावर परत येतं, त्यामुळे शिधापत्रिका, जातीचा दाखला, आधार यात काही ना काही अपुरं राहतंच. त्यांच्यासाठी तांदळाच्या पोत्याइतकंच मोलाचं काम म्हणजे कागद पुरे करून देणं. दळी जमिनींचा प्रश्न घ्या. डोंगरउतारावरच्या या जमिनी इंग्रज अमलापासून कातकरी, ठाकूर, धनगर कसत आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांना हक्क मागायची वाट दिली, पण दावे दाखल करायचे, पुरावे जोडायचे, फेटाळले तर अपील करायचं, हे करणार कोण? उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी रायगडात ते काम वर्षानुवर्षं लावून धरलं.

हक्काचं काम म्हटलं की देणारे बिचकतात. मोर्चाचा फोटो अहवालात छापायला नको वाटतो. पण ज्या कातकरी घराच्या नावावर जागा झाली, त्या घराला पुढच्या वादळात पंचनाम्यात जागा मिळते. वाटप तर दरवर्षी करावं लागेल. कागद मात्र एकदा झाला की झाला. जमत नसेल तर थेट आंदोलनाला पैसे देऊ नका, पण दावे तयार करणाऱ्या मुलांचं मानधन, नकाशे, मोजणीची फी, वकिलाचा सल्ला, एवढं द्यायला भीती कसली?

५. पोफळीला फळ धरेपर्यंत थांबा

सुपारीचं रोप लावल्यावर पीक हाताशी यायला सहा-सात वर्षं तरी लागतात. नारळाचंही तसंच. जून २०२० नंतर लावलेल्या रोपांना आत्ता कुठे फळ धरू लागलं असेल. मधल्या काळात घर चालवायला काहीतरी लागणारच: आंतरपीक, कोंबड्या, पर्यटकांची न्याहारी, पापड-मसाल्याचा धंदा. या सगळ्याला सोबत करायला संस्था तितकीच वर्षं तिथे असायला हवी.

आणि देणगी किती काळाची मिळते? वर्षाची. तीही अनेकदा डिसेंबरात मंजूर होते, फेब्रुवारीत खात्यावर येते आणि ३१ मार्चच्या आत खर्चून दाखवायची असते. रोप लावायचा हंगाम जून-जुलै. फेब्रुवारीत आणलेली रोपं उन्हाळाभर जगवायची कशी, हा प्रश्न त्या घाईत कुणी विचारत नाही. सीएसआरच्या २०२१ च्या सुधारित नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं देता येतात. म्हणजे चार वर्षांची सोय कायद्यातच आहे. ती वापरणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या गावांत फरक दिसतो.

या जिल्ह्यात टिकून राहिल्याने काय होतं याचे दाखले आहेत. १९६१ साली स्थापन झालेलं युसूफ मेहेरअली सेंटर पनवेलजवळच्या तारा गावात दवाखाना, शाळा, ग्रामोद्योग असं करत पिढ्यान्‌पिढ्या उभं आहे. डॉ. जी. जी. पारिख यांनी शंभरीपर्यंत त्यासाठी आयुष्य वेचलं. स्वदेस फाउंडेशनने देशभर न पसरता महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, तळा अशा ठरावीक तालुक्यांत पाणी, शौचालय, शेती, आरोग्य हे वर्षानुवर्षं एकत्र केलं. दोघांच्या पद्धती फार वेगळ्या आहेत, पण दोघांनीही जागा सोडली नाही.

६. कागद कमी करा, आणि मराठीत घ्या

ठरावीक वर्षांनी आयकर सवलतीच्या नोंदणीचं नूतनीकरण. सीएसआरचा पैसा हवा तर सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी. सरकारच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट. परदेशी पैसा घ्यायचा तर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं. यावर प्रत्येक देणगीदाराचा वेगळा तिमाही नमुना. वाडीवर जायची माणसं संगणकासमोर बसतात ती यामुळे.

देणाऱ्यांना करता येण्याजोगं पुष्कळ आहे. चार ट्रस्टांनी मिळून एकच अहवाल स्वीकारावा. अर्ज आणि अहवाल मराठीत घ्यावेत. इंग्रजी चांगलं असणारी संस्था आणि काम चांगलं असणारी संस्था एकच असेल असं नाही, आणि इंग्रजी लिहून देणारे सल्लागार फुकट येत नाहीत. तालुक्यातल्या पाच-सहा छोट्या संस्थांना मिळून एक चांगला हिशेबनीस द्यावा. आपत्तीनंतर लगेच पाहणीला यायचं टाळावं. महाडच्या पुरानंतर मदतीच्या गाड्या आणि पाहणीच्या गाड्या एकाच चिखलात अडकल्या होत्या, आणि कुणी न मागितलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग उचलायला पुन्हा माणसं लागली होती. आधी फोन करून काय हवं ते विचारावं आणि जे सांगतील तेवढंच पाठवावं.

७. संस्थेच्या गाठीला चार पैसे राहू द्या

शेतकऱ्याने बियाणं राखून ठेवलं तर त्याला शहाणा म्हणतात. संस्थेच्या ताळेबंदात शिल्लक दिसली की मात्र ‘यांना पैशांची गरज दिसत नाही’ असा शेरा पडतो. मी तो शेरा लिहिलेले अर्ज पाहिले आहेत आणि त्या संस्था २०२० मध्ये पगार थकवताना पाहिल्या आहेत.

गाठीला पैसे ठेवणं संस्थांना कायद्यानेही अवघड केलं आहे. आयकराच्या सवलतीसाठी वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्चावे लागतात. कायम निधीसाठी दिलेली देणगी जानेवारी २०२१ पासून सीएसआर खर्चात धरली जात नाही. सप्टेंबर २०२० पासून परदेशी देणगी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला तो पैसा गावातल्या छोट्या संस्थेला पुढे देता येत नाही. मुंबईच्या एखाद्या संस्थेमार्फत आमच्याकडे येणारा झरा निसर्गच्याच वर्षी असा आटला. म्हणजे कायम निधी उभा करायचा तर तो मुख्यतः व्यक्तींनी आणि थोड्याफार मोकळ्या हाताच्या ट्रस्टांनीच करायचा आहे.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९८० च्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं, एवढा साधा हेतू. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगावी केले, आपलं मानधन सोडलं, जमलेला पैसा ठेवीत ठेवला आणि व्याजातून मानधन सुरू झालं. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर यांच्यासारखी माणसं त्यामागे होती. या निधीने कार्यकर्त्याला विचारलं नाही की या तिमाहीत किती लाभार्थी झाले. माणूस पारखला आणि त्याच्या चुलीची काळजी घेतली. आज जगभरातले मोठमोठे दाते ‘विनाअट देणगी’ म्हणून ज्याचं कौतुक करतात, ते मराठी नाट्यरसिकांनी तिकिटं काढून आधीच करून ठेवलं होतं. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि आजच्या श्रीमंत महाराष्ट्रात तसे दहा निधी नसावेत याचं वाईटही वाटतं.

‘लोकसत्ता’ने २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम सुरू केला. दरवर्षी काही संस्थांची ओळख करून द्यायची आणि वाचकांनी धनादेश पाठवायचे. पेन्शनरांच्या हजार-दोन हजारांच्या धनादेशांतून संस्थांच्या हाती जो पैसा येतो त्याला प्रकल्पाचं कुलूप नसतं. संस्थांच्या लोकांना विचारलं तर ते सांगतात की त्या एका रकमेने इमारत पुरी झाली, किंवा दोन वर्षांचे पगार निर्धास्त झाले.

सहा महिन्यांचा पगार आणि भाडं भागेल इतकी राखीव रक्कम प्रत्येक छोट्या संस्थेकडे असावी. फाउंडेशनने ठरवलं तर तीन वर्षांत, देणगीतला थोडा भाग बाजूला ठेवायला मोकळीक देऊन, ती उभी करता येते. श्रीवर्धन, म्हसळा, तळा, मुरूडच्या चाकरमान्यांची मंडळं मुंबईत आहेतच. ग्रामदेवतेच्या देवळाला वर्गणी जमते तशी आपल्या तालुक्यातल्या एका संस्थेच्या राखीव निधीला जमू शकते.

८. जाणार असाल तर वर्षभर आधी सांगा

कंपनीत नवा सीएसआर प्रमुख येतो आणि एके दिवशी निरोप येतो, ‘आमचा फोकस बदलला.’ मार्चच्या शेवटच्या आठवड्यात असा फोन आला की एप्रिलचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न असतो. वाडीवरच्या शाळेतल्या बाईंना काय सांगायचं, हा त्याहून अवघड. बाई गेल्या की मुलं वीटभट्टीवर जातात, आणि एकदा भट्टीवर गेलेलं मूल परत वर्गात आणायला नवं माणूस नेमून भागत नाही. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने परदेशी मदत अचानक थांबवली तेव्हा जगभरच्या संस्थांना हाच अनुभव मोठ्या प्रमाणावर आला.

प्रत्येक देणगीदार कायम राहू शकत नाही, तसं कुणी मागतही नाही. निधी थांबवायचा तर बारा महिने आधी लेखी कळवा. शेवटच्या वर्षाची रक्कम एकदम शून्य न करता उतरती ठेवा. दुसऱ्या दोन देणगीदारांशी स्वतः बोलून गाठ घालून द्या. तुमच्या एका फोनचं वजन संस्थेच्या दहा अर्जांना नसतं. संस्थेने घेतलेली दुचाकी, संगणक, शिलाई यंत्रं तिच्याच नावावर करून द्या. आणि ही सगळी बोलणी मेच्या आत संपवा, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावरच्या संस्थेला पाऊस सोडून दुसरीकडे बघायला सवड नसते.